‘फॉर हर’ : तिला न येणारा वास

आज समोर एक काळी चौकोनी बाटली घेऊन बसले आहे. नार्सिसो रॉड्रिगेझ या न्यू यॉर्कच्या ड्रेस डिझायनरच्या नावाचं बायकांचं परफ्यूम, ‘फॉर हर’. २००३ साली आलं. बनवलं क्रिस्तीन नाजेल आणि फ्रान्सिस कुर्कजियाँ या दोघांनी. या बाटलीपायी आमच्या घरात चार दिवस अबोला झाला होता, म्हणून हिच्यावर बोलायचंच होतं.

झालं असं, की ताईच्या पन्नाशीला मी ही बाटली घेऊन वडोदऱ्याला गेले. बरेच महिने पैसे बाजूला टाकून घेतलेली. ताईनं मनगटावर फवारा मारला, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, “अगं, थोडा संत्र्याच्या फुलासारखा आला आणि गेला. आता काहीच नाही. पाणी भरून दिलंय तुला.” मला तर दोन हातांवरून वास येत होता. मला वाटलं, मुद्दाम नावं ठेवतेय. तिला वाटलं, मी फसले ते कबूल करत नाहीये. बास, झालं सुरू.

आता वासाकडे येऊ. सुरुवातीला नारिंगाच्या फुलांचा वास येतो. आंबिया बहाराच्या वेळी नागपूर-अमरावतीकडच्या संत्र्याच्या बागेतून गेला असाल, तर याच्या सख्ख्या चुलतबहिणीला तुम्ही भेटला आहात. त्यातच ऑसमँथस नावाचं फूल आहे, त्याचा वास थेट पिकल्या जर्दाळूसारखा. पण वीसेक मिनिटांत फुलं मागे सरतात आणि खरा मालक बाहेर येतो. तो म्हणजे मस्क. कसा? उन्हात वाळलेली सुती चादर घडी करताना तोंडाशी धरावी, आणि तिच्यात कुणाच्या तरी मानेजवळची ऊब असावी, तसा. तळाशी थोडा वाळा, थोडं व्हॅनिला. हिवाळ्यात अप्रतिम. मे महिन्याच्या दुपारी मात्र मला हे चिकट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मस्क म्हणजे आपली कस्तुरी. नर कस्तुरीमृगाच्या नाभीजवळच्या ग्रंथीतून मिळणारी. त्यासाठी हरणं इतकी मारली गेली, की आज १९७२च्या वन्यजीव कायद्यानं या प्राण्याला सगळ्यात कडक संरक्षण आहे. या बाटलीत कस्तुरीचा कणही नाही, असतो तो प्रयोगशाळेतला मस्क. त्याची सुरुवात गमतीशीर आहे. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होता आणि त्याच्या हाती लागला कस्तुरीसारखा वास! पुढे आणखी मस्क आले. ते कापडाला धरून राहतात, पाण्यानंही सहज जात नाहीत, म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत गेले. ‘स्वच्छ’ म्हटलं की जो वास तुम्हाला आठवतो, त्यात मस्कचा मोठा वाटा आहे.

आणि इथेच ताईच्या नाकाचं कोडं सुटतं. मस्कचे रेणू मोठे, जड. ते कातडीवरून सावकाश उडतात, म्हणून वास तासन् तास टिकतो. पण असा मोठा रेणू ओळखणारे ग्राहक प्रत्येकाच्या नाकात सारखे नसतात, जन्मतःच फरक असतो. कुणाला एक मस्क येतो, दुसरा अजिबात येत नाही. नाक उत्तम असलेल्या माणसाचंही असं होतं. माझी ताई वरणाला फोडणी करपायच्या आधी सांगते! म्हणून परफ्यूम बनवणारे बऱ्याचदा दोन-तीन मस्क एकत्र घालतात, एक नाही तर दुसरा पोचेल. त्यात भर म्हणजे, ज्याला येतो त्याचंही नाक थोड्या वेळानं सरावतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. कस्तुरीमृगाची उपमा कीर्तनात आपण शंभरदा ऐकली आहे. इथे तर ती उलटीच झाली.

तेव्हा असं परफ्यूम घेताना दुकानातल्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवू नका. मनगटावर लावा, बाहेर चक्कर मारून या, अर्ध्या तासानं सोबतच्या माणसाला विचारा. स्वतःला येत नाही म्हणून सहा फवारे मारून लिफ्टमध्ये शिरू नका, कृपा करून. दोन पुरे.

अबोला कसा सुटला? चौथ्या दिवशी ताईनं रागारागात “बघू, खरंच पाणी आहे का” म्हणून पुन्हा लावलं आणि स्वयंपाकाला लागली. संध्याकाळी भाची कॉलेजमधून आली, दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, “आई, काय लावलंयस? जिन्यापर्यंत येतंय, मस्त आहे!” ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी कोथिंबीर निवडत राहिले.

ती बाटली संपून आता दुसरी चालू आहे. ताईला वास अजूनही येत नाही. बाहेर निघताना दोन फवारे मारते, हात पुढे करते आणि घरात जो असेल त्याला विचारते, “येतोय का रे?”