पॅरिसचे वार्तापत्र : निवडून येण्याची आशा न ठेवता लढणारा पक्ष

फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘ल्युत उव्रियेर’, म्हणजे ‘कामगारांचा लढा’, या पक्षाचा उमेदवार १९७४ पासून एकदाही गैरहजर राहिलेला नाही, आणि या नऊही वेळा ती उमेदवार स्त्री होती. रशियन क्रांतीचे एक प्रमुख नेते ट्रॉट्स्की यांचा वारसा सांगणारा, स्टालिनच्या राजवटीला क्रांतीचा विश्वासघात मानणारा आणि म्हणून फ्रेंच कम्युनिस्ट पक्षापासून सुरुवातीपासूनच वेगळा राहिलेला हा अतिडावा पक्ष आहे. मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगार उठावानंतर सरकारने ज्या क्रांतिकारी संघटना बरखास्त केल्या, त्यांतील एकीच्या कार्यकर्त्यांनी तो नव्या नावाने उभा केला. त्याचे रोजचे काम कारखाने, रेल्वे, बँका आणि रुग्णालयांच्या दारांशी चालते. तेथे वाटल्या जाणाऱ्या पत्रकाच्या एका बाजूला देशाच्या राजकारणावर मजकूर असतो, तर दुसऱ्या बाजूला त्याच ठिकाणच्या कामगारांच्या तक्रारी असतात. संसदेच्या मार्गाने कामगारांची मुक्ती होईल यावर पक्षाचा विश्वास नाही, तथापि निवडणुकीच्या काळात मिळणारे व्यासपीठ सोडणे त्याला मान्य नाही.

हे व्यासपीठ किती मोलाचे असते ते समजण्यासाठी फ्रेंच पद्धत लक्षात घ्यावी लागते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. त्यामुळे पहिल्या फेरीत मनातील मत द्यावे आणि दुसरीत नकोसा उमेदवार पाडावा, अशी मतदाराची सवय बनली आहे. मात्र उमेदवारीसाठी १९७६ पासून महापौरांसह किमान ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात आणि त्याही किमान ३० जिल्ह्यांतील असाव्या लागतात. ज्या पक्षाचे स्वतःचे निवडून आलेले प्रतिनिधी जेमतेम आहेत, त्याच्या कार्यकर्त्यांना या सह्यांसाठी महिनोन्महिने खेडोपाडीच्या महापौरांचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि हे कष्टाचे काम हा पक्ष प्रत्येक वेळी पार पाडतो, ही गोष्ट त्याच्या विरोधकांनीही आदराने पाहावी अशी आहे.

पहिल्या उमेदवार आर्लेत लागिये या क्रेदी लियोने बँकेतील कर्मचारी होत्या आणि १९७४ च्या बँक संपातून त्या पुढे आल्या होत्या. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९७४, १९८१ आणि १९८८ मध्ये त्यांची मते दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली. १९९५ मध्ये मात्र त्यांना ५.३० टक्के, म्हणजे १६ लाखांहून अधिक मते पडली. हे यश एकट्या उमेदवाराचे नव्हते: राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या समाजवादी कारकिर्दीत १९८३ पासून काटकसरीचे धोरण आले, बेकारी वाढत गेली, आणि प्रारंभी सरकारात सामील झालेल्या कम्युनिस्ट पक्षावरचाही अनेक कामगारांचा भरवसा उडाला. या निकालानंतर लागिये यांनी कामगारांच्या नव्या, मोठ्या पक्षाची हाक दिली, पण नेतृत्वाने लवकरच ती कल्पना मागे घेतली. पक्षाच्या इतिहासातील सर्वांत मोठी संधी येथेच हातची गेली, असे म्हणावे लागते. आलेल्या मतदाराला सामावून घेणारी शिथिल रचना पक्षाजवळ नव्हती, आणि कडक शिस्तीच्या छोट्या संघटनेला ती नकोही होती.

१९९८ च्या प्रादेशिक निवडणुकांत पक्षाचे २० सदस्य निवडून आले आणि १९९९ मध्ये दुसऱ्या एका ट्रॉट्स्कीवादी पक्षाशी केलेल्या युतीने ५.१८ टक्के मते मिळवून युरोपीय संसदेत पाच जागा जिंकल्या. या दोन्ही ठिकाणी प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, होते. २००३ मध्ये नियम बदलले, प्रादेशिक निवडणुकांत किमान मतांचा उंबरठा उंचावला आणि युरोपीय निवडणुकीसाठी देश आठ मतदारसंघांत विभागला गेला. २००४ मध्ये प्रादेशिक आणि युरोपीय दोन्ही जागा गेल्या.

मधल्या काळात २००२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. १९९९ मध्ये मिशेलँ या टायर कंपनीने नफ्यात असतानाही हजारो नोकऱ्या कापण्याचे जाहीर केले, तेव्हा समाजवादी पंतप्रधान जोस्पँ यांनी सरकारच्या हाती सर्व काही नसते अशी कबुली दिली होती, आणि ती कामगार विसरले नाहीत. लागिये यांना ५.७२ टक्के मते मिळाली. कम्युनिस्ट उमेदवार ३.३७ टक्क्यांवर घसरला, आणि स्वतः तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी असलेले जोस्पँ दोन लाखांहून कमी मतांनी अतिउजवे नेते ल पेन यांच्या मागे पडून बाद झाले. दुसऱ्या फेरीत ल पेन यांच्याविरुद्ध उजवे उमेदवार शिराक यांना मत देण्याचे आवाहन करण्यास लागिये यांनी नकार दिला, त्याबद्दल त्यांच्यावर कडाडून टीका झाली. ती टीका समजण्याजोगी असली, तरी डाव्यांची मते कितीतरी उमेदवारांत विभागली असताना पराभवाचा दोष एका छोट्या पक्षावर लादणे न्याय्य नव्हते.

२००७ मध्ये अनेक मतदार ‘उपयुक्त मता’च्या, म्हणजे जिंकू शकणाऱ्यालाच मत देण्याच्या, विचाराने समाजवाद्यांकडे परतले आणि लागिये यांचा वाटा १.३३ टक्क्यांवर आला. त्यांच्यानंतर आलेल्या शिक्षिका नाताली आर्तो यांना २०१२ मध्ये ०.५६, २०१७ मध्ये ०.६४ आणि २०२२ मध्ये पुन्हा ०.५६ टक्के मते मिळाली. पाच टक्क्यांखाली राहिलेल्या उमेदवाराला प्रचारखर्चाची मर्यादित भरपाईच मिळते, त्यामुळे प्रचाराचा भार मुख्यतः वर्गणीवर पडतो. तरीही राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत पक्ष बहुतेक सर्व मतदारसंघांत उमेदवार उभे करतो. त्यांपैकी कोणी आजवर त्या संसदेवर निवडून आलेला नाही, आणि कारखान्यांच्या दारांशी पत्रके वाटण्याचे काम निवडणूक संपल्यावरही सुरूच राहते.