ग्रँटसाहेबांचं वतन

कोयना आणि केरा जिथे मिळतात त्या पाटणात वतन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटणकरांची देशमुखी, दातेगडाचा शेजार आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हक्क हेच इथलं सगळं राजकारण. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा नीरेपासून वारणेपर्यंतचा हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टनने अठ्ठावीस वर्षांच्या एका कॅप्टनच्या हवाली केला. त्याचं नाव जेम्स ग्रँट. मराठ्यांचा इतिहासकार म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याच्या घराण्याची कथा मराठी वाचकापर्यंत फारशी आलेली नाही.

जेम्सचा जन्म 8 जुलै 1789 रोजी स्कॉटलंडमधल्या बान्फ गावी झाला. लहानपणीच वडील गेले आणि आईने मुलांना घेऊन अॅबर्डीन गाठलं. घराणं कुलीन असलं तरी हातात रोकड नव्हती. अशा घरातली मुलं कंपनीच्या पलटणीत भरती होत, तसा तोही 1806 मध्ये मुंबईला आला.

साताऱ्यात त्याच्यासमोर सतत वारसाहक्काचेच तंटे येत. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या वारसांना साताऱ्याचं हे राज्य कायमचं मिळालं. पुढच्याच वर्षी औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट इथल्या सरंजामदारांशी ग्रँटनेच करारमदार केले. सरंजाम कुणाचा, तो पुढे कुणाकडे जायचा, हे त्याच्या लेखणीने ठरलं. 1822 मध्ये महाराजांकडे कारभार सोपवला तोवर अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली होती. तो मायदेशी परतला.

तिकडे त्याच्या स्वतःच्या वतनाचा प्रश्न उभा होता. ईडनची जमीन त्याच्या आईच्या माहेरची, डफ घराण्याची. ती त्याच्याकडे आली आणि 1825 च्या सुमारास त्याने आपल्या नावापुढे डफ जोडलं. त्याच वर्षी जेन एन्स्लीशी लग्न झालं. सासरे सर व्हाइटलॉ एन्स्ली मद्रासच्या फौजेत वैद्य होते. हिंदुस्थानी औषधींवरचा त्यांचा ग्रंथ आणि जावयाचा तीन खंडांचा इतिहास, दोन्ही 1826 मध्येच छापून आले. पुढे 1850 मध्ये जेनला तिच्या आईच्या घराण्याची फाइफमधली जमीन मिळाली, तेव्हा जेम्सने कनिंगहॅम हेही नाव घेतलं. एक जमीन आईकडून आली, दुसरी बायकोकडून. आडनाव वाढवलं की वतन चालू राहिलं.

याच्या दोनच वर्षं आधी साताऱ्यात काय घडलं होतं? 5 एप्रिल 1848 रोजी तिथले राजे आप्पासाहेब महाराज वारले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य राखावं असा सल्ला दिला, तरी गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. शास्त्रोक्त दत्तकाला वारस न मानणाऱ्या त्या सत्तेच्या स्वतःच्या देशात वारसा आईच्या आणि बायकोच्या बाजूने बिनबोभाट चालत होता. हा अन्याय मला डलहौसीच्या सगळ्या कायदेशीर युक्तिवादांपेक्षा बोलका वाटतो. ग्रँट डफ तेव्हा ईडनला हयात होता. 23 सप्टेंबर 1858 रोजी तो वारला.

थोरल्या मुलाला त्याने आपल्या जुन्या वरिष्ठाचं नाव दिलं होतं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा मुलगा 1881 ते 1886 मद्रासचा गव्हर्नर होता. तिथल्या समुद्रकिनाऱ्याला मरीना हे नाव त्यानेच दिलं. नातू एड्रियन याने युद्ध जाहीर होताच सरकारच्या कुठल्या खात्याने काय करायचं याची बारकाईने नोंद असलेलं ‘वॉर बुक’ तयार केलं. महायुद्ध पेटलं आणि सप्टेंबर 1914 मध्ये एनच्या लढाईत तो स्वतःच पडला. त्याची धाकटी मुलगी शीला तेव्हा दीड वर्षाचीही नव्हती. ती मोठी होऊन पत्रकार झाली, प्रागहून बातम्या पाठवू लागली. 1938 मध्ये बडी राष्ट्रं चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडायला निघाली असताना ग्रँटसाहेबांच्या या पणतीने त्या छोट्या देशाची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं.