लग्नाचे फोटो: पॅकेज नंतर ठरवा, आधी हे ठरवा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. 'औंढ्याच्या पुढं गेलो की रेंज जाते, अर्धंच ऐकू आलं' असे मेसेज येतात, त्यांच्यासाठी खास. बोलण्यातलं जे होतं ते बरंचसं तसंच ठेवलंय.

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न सुरू होतो. 'दादा, फोटोवाला कोणता करू?' आणि खाली पॅकेजचा स्क्रीनशॉट: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग, दोन करिझ्मा अल्बम. आता मी काही फोटोग्राफर नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो, गाव कळमनुरी तालुक्यात. पण घरातल्या आणि मित्रांच्या लग्नांत 'तू कॉम्प्युटरवाला, तू फोटोचं बघ' म्हणून हे खातं माझ्याकडं येतं. पेनड्राइव्ह उघडत नाही तेव्हा फोनही मलाच येतो. एवढी लग्नं बघून माझं मत असं झालंय की कॅमेरा कोणता हा प्रश्न बराच खालचा आहे. उजेड कुठून येणार, कोणाचे फोटो हवेत आणि फाइल शेवटी कोणाच्या हातात राहणार, हे आधी ठरवा. बहुतेक घरांत यातलं काहीच ठरलेलं नसतं.

(०१:५०) उजेडाचं बघू.

आपल्याकडं उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे पत्रिकेवर दुपारी साडेबाराच्या आसपासचा मुहूर्त. आता थोडा शाळेतला भूगोल. हिंगोली साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळं १८ ते २० मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १५-२० मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पेपरात 'शून्य सावली दिवस' म्हणून बातमी येते ना, तेच. उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे लग्न लावायला आपण निवडतो ती वेळ फोटोसाठी वर्षातली सगळ्यात अवघड वेळ. उजेड वरून सरळ खाली पडतो. कपाळ चमकतं, डोळ्यांच्या खोबणीत काळं, नाकाखाली मिशीसारखी सावली. त्यात नवरदेवाला फेटा, नवरीला मुंडावळ्या. डिसेंबरात तोच दुपारचा सूर्य ४८ अंशांच्या आसपास असतो, तिरका, त्यामुळं थंडीतल्या लग्नाचे फोटो त्याच फोटोवाल्याकडून जास्त चांगले येतात. लोकांना वाटतं, त्यानं नवीन कॅमेरा घेतला.

मुहूर्त हलवा असं मी म्हणणार नाही. आजोबांसमोर ती हिंमत कोणातच नाही. शिवाय परण्या मारुतीपासून निघून मांडवात येईपर्यंत डीजेवर नाचणारी मंडळी मुहूर्त तसाही हलवतात. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, मांडवाचं कापड. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोहल्याच्या वर लाल, गुलाबी किंवा पिवळं कापड असेल तर दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कारण आपला मेंदू रंग दुरुस्त करून घेतो. कॅमेरा तेवढा करत नाही. नंतर एडिटिंगमध्ये गुलाबी काढायला गेलं की शालूचा रंगही बदलतो, आणि हळदीचा पिवळा तर पार मातकट होतो. हळदीच्या पट्ट्यातली माणसं आपण, निदान हळद तरी हळदीच्या रंगाची दिसू द्या! मांडववाल्याला एवढंच सांगायचं: 'नवरा-नवरी उभे राहतात तेवढ्या भागावर पांढरं कापड टाका. बाकी मांडव कसा का असेना.' बहुतेक वेळा याला वेगळा पैसा लागत नाही, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. पांढऱ्या कापडातून तेच कडक ऊन मऊ होऊन येतं. आणि बोहल्याची मागची बाजू उघडी ठेवू नका. मागं उन्हाचं शेत आणि पुढं माणसं असतील तर चेहरे काळे पडणारच.

मंगल कार्यालय असेल तर भानगड वेगळी. तिथं स्टेजवर निळे-जांभळे एलईडी फिरत असतात. लाइटवाल्याला सांगा, अंतरपाट धरल्यापासून हार घालेपर्यंत रंग बंद आणि साधा पांढरा-पिवळसर लाइट चालू. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. फोन खराब नसतो.

दुसरी गोष्ट, जोडीच्या फोटोंची वेळ. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य मावळतो पावणेसातच्या पुढं, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या आतच. मावळण्याच्या आधीचा पाऊण तास राखून ठेवा. त्यातली वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. कार्यालयाची गच्ची, मागचं शेत, काहीही चालतं. अडचण अशी की नेमकी तेव्हा पाठवणी असते आणि नवरीचे डोळे रडून सुजलेले. म्हणून पाठवणीच्या आधी, आहेराची रांग पाच-सव्वापाचला थांबवायची. ती कोण थांबवणार? नवरा-नवरी नाही थांबवू शकत. एखादा आवाज असलेला मामा किंवा दाजी आधीच नेमून ठेवा.

प्री-वेडिंगवर मी फार बोलणार नाही. हौस असेल तर करा. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणावर जात असाल तर पाण्याच्या काठावरच्या ओल्या दगडांवर शालू नेसून उभं राहू नका आणि पावसाळ्यात दरवाजे उघडे असताना खालच्या बाजूला जाऊच नका. एवढंच.

(०५:१०) आता माणसं. माझ्या मते ही सगळ्यात मोठी गोष्ट.

माझ्या बहिणीच्या लग्नात दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला, क्रेनसुद्धा होती. आजी दुसऱ्या रांगेत कूलरसमोर बसून होती. सगळ्या डेटात ती तीन फोटोंत सापडली. एकात अर्धं डोकं, एकात पाठ, एकात ती खाली ताटाकडं बघतेय. पुढच्या दिवाळीआधी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून तो ताटाचा फोटो कापून, मागचा कूलर पुसून मोठा केला. आजही तोच लावलाय. फोटोवाल्याला काय बोलणार? त्याच्यासाठी ती मांडवातली एक म्हातारी बाई होती. आपल्याकडं घराघरांत हार घातलेले फोटो नीट बघा, कितीतरी कोणाच्या ना कोणाच्या लग्नातून कापलेले असतात. मागं अर्धा फुगा दिसतो.

म्हणून यादी करा. मोबाइलच्या नोट्समध्ये, पंचवीस-तीस ओळी, त्याहून जास्त नको. 'आजी एकटी. आजी आणि आई. दोन्ही मामा. मोठी आत्या, तिला उभं राहता येत नाही, बसलेल्या ठिकाणी जाऊन.' त्यातही आया. दिवसभर मुलीची आई आतबाहेर करते, काही घरांत अक्षता पडताना आईनं समोर थांबायचं नसतं, आणि संध्याकाळी अल्बम निवडताना लक्षात येतं की तिचा नीट फोटोच नाही. आईचे फोटो सकाळी आठ-नऊलाच काढून घ्या. ती आवरलेली असते, दमलेली नसते, ऊनही तिरकं असतं.

यादी फोटोवाल्याला देऊन उपयोग नाही, त्याला माणसं ओळखू येत नाहीत. दोन्हीकडचा एक-एक चुलत किंवा मावस भाऊ-बहीण त्याच्यासोबत फिरवा. 'ही आत्या, हे काका' असं दाखवायला. आणि विधीही सांगा. सीमांतपूजन, कानपिळी, सूनमुख, झाल, प्रत्येक घराचा क्रम वेगळा. बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर त्रिसरण-पंचशीलाच्या वेळी वंदनेसमोर फ्लॅश मारत फिरू नका असं आधी बोलून घ्या. निकाह असेल तर बायकांच्या बाजूला कोण फोटो काढणार हे ठरवा. खरं तर हळदीला आणि नवरीच्या आवरण्याच्या खोलीत बाई फोटोग्राफर असेल तर कोणत्याही घरात बायका मोकळ्या होतात. हे काही नवं नाही बरं का. आपला भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १८९२ मध्ये, राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथं फोटो काढणारीही बाईच होती.

अक्षतांच्या वेळचं एक राहिलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं की पन्नास मोबाइल स्टेजवर चढतात आणि ज्याला पैसे दिलेत तो मागं टाचा उंचावून उभा. गुरुजींना किंवा माइकवाल्याला सांगून ठेवा, एकदाच घोषणा करायची: 'हार घालेपर्यंत सगळ्यांनी खाली थांबा, नंतर पाहिजे तेवढे फोटो काढा.' दहातले सहा ऐकतात. तेवढ्यानं जागा होते.

(०८:००) आता माझा विषय, डेटा.

४के व्हिडिओ १०० एमबीपीएसला काढला तर एका तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, दिवसभर, वर फोटो. एका लग्नाचे ३०० जीबी सहज. भर सराईत फोटोवाल्याचं आज हिंगोलीत, उद्या वसमतला, परवा सेनगावला. कार्डं मोजकी. म्हणजे तुमचं लग्न ज्या कार्डावर आहे ते उद्या सकाळी फॉरमॅट होणार असतं. एखादी कॉपी अर्धवट झाली, तर संपलं. म्हणून बुक करताना दोन प्रश्न विचारा: कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात का आणि दोन्हींवर एकच फोटो जातो का? आणि कार्ड रिकामं करण्याआधी किती ठिकाणी कॉपी होते? जो चिडेल त्याला सोडून द्या. चांगला माणूस या प्रश्नावर खूश होतो.

तुमच्याकडून एक टीबीची हार्डडिस्क त्याला द्या आणि दोन-तीन दिवसांत मूळ सगळा डेटा त्यात मागा. एडिट केलेलं नंतर येऊ द्या. लिंकची वाट बघू नका. १० एमबीपीएसच्या अपलोडवर ३०० जीबी चढवायला जवळपास ६७ तास लागतात. रात्रीच्या गाडीनं डिस्क सकाळी पुण्यात येते. आल्यावर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि एक डिस्क दुसऱ्या घरात ठेवा, माहेरी म्हणा. गुगलचं फुकट १५ जीबी जीमेलसकट आहे, त्यावर विसंबू नका. पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल तर तो बहुधा फॅट३२ आहे, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एक्सफॅटला फॉरमॅट करा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच एकसारखी लावायला सांगा, नाहीतर दोन्हींचे फोटो एकत्र केल्यावर सप्तपदी हळदीच्या आधी येते.

फोटो कोणाचे, यावर बरीच भांडणं होतात. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ सांगतं की पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, वेगळा करार नसेल तर. तेवढंच 'नसेल तर' महत्त्वाचं. पावतीच्या मागं बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचा. तुमचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर चालणार की नाही, मूळ डेटा मिळणार का, अल्बम कधी, हे पावतीवरच लिहून घ्या. पैसे तीन हप्त्यांत द्या, शेवटचा अल्बम हातात आल्यावर. पावती असेल तर पुढं ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करायला काहीतरी आधार असतो.

ड्रोन? ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे नोंदणी क्रमांक लागतो, आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला चालवणाऱ्याकडं प्रमाणपत्र लागतं. विचारा. मला विचाराल तर त्या पैशात चांगला दुसरा फोटोग्राफर घ्या. मंगलाष्टकांवर भुणभुण होते आणि वरून सगळी लग्नं सारखीच दिसतात.

(१०:४०) हल्ली सेल्फी टाकून आपले फोटो शोधायचं ॲप देतात. सोय मस्त आहे. फक्त गॅलरी किती महिने राहणार आणि नंतर चेहऱ्यांचा डेटा पुसणार का, ते विचारा. लिंकला पासवर्ड ठेवा. आणि 'लग्नाचे फोटो बघा' म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. फोटो बघायला एपीके लागत नाही. लग्नपत्रिकेच्या नावानं असल्या फाइल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी केलीत.

शेवटचं, छोटं काम. विवाह नोंदणीला, गावात असाल तर ग्रामपंचायतीत, पत्रिका आणि तीन साक्षीदारांबरोबर लग्नातला दोघांचा फोटोही मागतात. हार घातलेला, दोघांचे चेहरे सरळ दिसणारा एक फोटो फोटोवाल्याकडून पहिल्याच आठवड्यात मागून प्रिंट काढून ठेवा. अल्बम काय, येईल सवडीनं.