महामारीतील राजकीय आरोग्यविधाने व प्रसारमाध्यमांची तथ्यपडताळणी : नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

लोकशाही व्यवस्थेत लोकप्रतिनिधीच्या शब्दाला सामान्य नागरिकाच्या शब्दापेक्षा अधिक वजन असते. विषय आरोग्याचा व काळ महामारीचा असेल, तर त्या शब्दावर कुटुंबाचे निर्णय अवलंबून राहतात. कोणते औषध घ्यावे, लस टोचून घ्यावी की नाही, रुग्णास दवाखान्यात न्यावे की घरीच ठेवावे, हे प्रश्न २०२० व २०२१ या दोन वर्षांत घरोघरी उभे राहिले. याच काळात राजकीय नेत्यांच्या आरोग्यविषयक विधानांची सत्यता तपासून पाहण्याचे काम प्रसारमाध्यमांनी हाती घेतले. या कामास 'तथ्यपडताळणी' असे म्हटले जाते. मात्र पडताळणी होताच वाद मिटले असे झाले नाही. उलट पडताळणी कोणी करावी, कशाच्या आधारे करावी आणि तिचा निर्णय कोणावर बंधनकारक असावा, यांविषयी नवे वाद निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या वादांचे स्वरूप महाराष्ट्र व गोव्यातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करून नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) तथ्यपडताळणीची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२) राजकीय आरोग्यविधानांच्या पडताळणीतून उद्भवलेल्या वादांचे प्रकार पाहणे.
३) नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थितीत या प्रश्नाचे महत्त्व लक्षात घेणे.

तथ्यपडताळणी म्हणजे काय?

वृत्तपत्रात बातमी छापण्यापूर्वी ती तपासण्याची पद्धत जुनीच आहे. येथे अभिप्रेत असलेली तथ्यपडताळणी मात्र विधान जाहीर झाल्यानंतर केली जाते. तिच्या साधारणतः चार पायऱ्या आहेत. प्रथम तपासण्याजोगे विधान निवडले जाते. मत, आशा किंवा उपदेश यांची पडताळणी होऊ शकत नाही. ती केवळ वस्तुस्थितीविषयीच्या दाव्याची होते. त्यानंतर विधानाचा मूळ स्रोत शोधला जातो व विधानकर्त्यास आधार विचारला जातो. तिसऱ्या पायरीवर उपलब्ध पुराव्याशी त्याची तुलना होते. शेवटी विधान खरे, खोटे वा दिशाभूल करणारे आहे असा निष्कर्ष कारणांसह दिला जातो. या कामासाठी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तथ्यपडताळणी जाळे स्थापन झाले. निःपक्षपातीपणा, स्रोतांची पारदर्शकता आणि स्वतःची चूक उघडपणे दुरुस्त करणे ही तत्त्वे त्याच्या आचारसंहितेत अंतर्भूत आहेत.

वादांचे प्रकार :

अ) ऐकीव माहिती व मंत्रिपदाची मोहोर :
एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय आयुष राज्यमंत्री व गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांनी एका वैद्यकीय व्यावसायिकाच्या सांगण्याचा हवाला देऊन, ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स हे आयुर्वेद व होमिओपॅथीच्या उपचारांनी बरे झाल्याचे सांगितले. युवराजांच्या कार्यालयाने ही माहिती चुकीची असल्याचे स्पष्ट केले. मंत्र्यांनी ऐकलेलेच सांगितले होते, हे खरे. परंतु खासगी व्यक्तीचा दावा मंत्र्यांच्या तोंडून आला की त्यास शासनमान्यतेचे रूप येते. म्हणून ऐकीव माहितीची जबाबदारी पद धारण करणाऱ्यावरही येते.

ब) प्रमाणपत्राचा अर्थ :
१९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत पतंजलीच्या 'कोरोनिल' या औषधाविषयीचा कार्यक्रम झाला. तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी त्यास उपस्थित होते. औषधास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असल्याचा समज पसरला. कोविडवरील उपचारासाठी कोणत्याही पारंपरिक औषधाच्या परिणामकारकतेचे परीक्षण वा प्रमाणन आपण केलेले नाही, असा खुलासा संघटनेने लगेच केला. वस्तुतः ते प्रमाणपत्र भारतीय औषध नियंत्रकांनी संघटनेच्या उत्पादनविषयक योजनेनुसार दिलेले होते, असे कंपनीनेही स्पष्ट केले. उत्पादनप्रक्रिया योग्य असणे ही एक गोष्ट, तर औषधाने रोग बरा होणे ही दुसरी. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणीकरणाशिवाय राज्यात त्याची विक्री होऊ देणार नाही, असे जाहीर केले. यानंतर वैद्यकीय पुराव्याचा प्रश्न मागे पडून पक्षीय वादास तोंड फुटले.

क) शब्द खरे, अर्थ वेगळा :
२० जुलै २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री व दिंडोरीच्या तत्कालीन खासदार डॉ. भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय असून प्राणवायूच्या अभावामुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळविलेले नाही, असा त्याचा आशय होता. तत्पूर्वी २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे प्राणवायूचा पुरवठा खंडित होऊन त्या दिवशीच्या अधिकृत माहितीनुसार २२ रुग्ण दगावले होते. त्यामुळे उत्तरावर तीव्र टीका झाली. मात्र राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही तुटवड्यामुळे मृत्यू झाले नसल्याचीच भूमिका घेतली. नाशिकची घटना अपघात की तुटवडा, हा वर्गीकरणाचा प्रश्न ठरला.

यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात आजाराची नोंद होते. त्या वेळी सिलिंडर रिकामे होते, या परिस्थितीसाठी त्यात रकाना नसतो. ज्याची नोंदच होत नाही, ते कळविलेही जात नाही. 'कळविले गेले नाही' हे विधान अक्षरशः खरे असूनही 'घडले नाही' असा त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचतो. अशा विधानावर केवळ 'खरे' किंवा 'खोटे' असा शिक्का मारणारी पडताळणी अपुरी ठरते.

गोव्यात मे २०२१ मध्ये तर एकाच शासनात मतभेद दिसले. गोमेकॉ रुग्णालयातील २६ मृत्यूंविषयी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चौकशीची मागणी केली, तर मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी साठा पुरेसा असून तो वॉर्डांपर्यंत वेळेवर पोहोचण्यात अडचण असल्याचे सांगितले.

ड) विज्ञानाचे बदलते निष्कर्ष :
मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवकांसाठी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये हे औषध उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोविड हवेतून पसरत नाही, असे 'तथ्य' म्हणून प्रसृत केले होते. पुढे संघटनेस ही भूमिका बदलावी लागली. यावरून कोणत्याही पडताळणीवर तिचा दिनांक व त्या दिवशीचा पुरावा नमूद असणे किती गरजेचे आहे, हे ध्यानात येते. तथापि विज्ञान बदलते म्हणून कोणताही दावा करण्यास मुभा मिळते, असा याचा अर्थ होत नाही.

इ) पडताळणीचा अधिकार कोणाचा?
केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ च्या अखेरीस स्वतःचा तथ्यपडताळणी विभाग सुरू केला. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामारीविषयक घडामोडींची अधिकृत माहिती माध्यमांनी द्यावी, असे निर्देश देताना मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचेही नमूद केले. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन, केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार शासकीय विभागास देण्याची तरतूद झाली. विनोदी कलाकार कुणाल कामरा व इतरांनी तीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी द्विसदस्यीय खंडपीठाचा निर्णय विभागला गेला. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. शासनाने माहितीचा खुलासा करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु स्वतःच्याच विधानांचा अंतिम न्यायनिवाडा शासनाकडे असू शकत नाही, हे तत्त्व यातून अधोरेखित होते.

नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ :

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर भिली व पावरी या बोली, तर सपाटीवर अहिराणी व गुजरी बोलल्या जातात. तथ्यपडताळणी मात्र मुख्यतः इंग्रजी, हिंदी व काही प्रमाणात मराठीत होते. अफवा बोलीतून व तोंडी पसरते, खुलासा मात्र प्रमाणभाषेत व लेखी येतो, ही मूळ विसंगती होय.

तिचे परिणाम गंभीर असतात. शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेतून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांची हत्या झाली. २०२१ मध्ये सातपुड्यातील गावांत लसीमुळे मृत्यू येतो, अशी भीती पसरली होती. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांचा पंतप्रधानांनी आढावा घेतला, त्यात नंदुरबारचाही समावेश होता.

याच जिल्ह्याने प्राणवायूबाबत वेगळे उदाहरणही घालून दिले. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कार्यकाळात सप्टेंबर २०२० मध्ये पहिला प्राणवायू प्रकल्प उभा राहिला व पुढे त्यांत भर पडली. दुसऱ्या लाटेत या कार्याची देशभर प्रशंसा झाली. त्या वृत्तांचा प्रमुख आधार प्रशासनाच्याच मुलाखती हा होता. टीकेप्रमाणेच प्रशंसेचीही पडताळणी व्हावी, एवढाच येथे मुद्दा आहे. त्यामुळे चांगल्या कामाचे मोल कमी होत नाही, उलट ते अधिक विश्वासार्ह ठरते.

उपाययोजना :

१) पडताळणीचे निष्कर्ष भिली, पावरी व अहिराणीत ध्वनिफितींच्या रूपाने आशा कार्यकर्त्या व आठवडे बाजारांमार्फत पोहोचवावेत.
२) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरांत दाव्याचा स्रोत, दिनांक व पुरावा तपासण्याचा सराव विद्यार्थ्यांना द्यावा.
३) 'नोंद नाही' व 'घडले नाही' यांतील फरक स्पष्ट करणारी लेखनपद्धती स्थानिक वार्ताहरांनी स्वीकारावी.
४) सर्व पक्षांच्या विधानांना एकच कसोटी लावावी.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, तथ्यपडताळणीविषयीचे वाद केवळ खऱ्या-खोट्याचे नसून विश्वासाचे आहेत. ज्या समाजापर्यंत पुरावा त्याच्या भाषेत पोहोचत नाही, त्या समाजास विधानकर्त्यावर किंवा अफवेवर विसंबून राहण्यावाचून गत्यंतर नसते. सातपुड्यातील पाड्यावरचा विद्यार्थी महाविद्यालयात शिकतो व सुटीत घरी परततो. पुरावा व पाडा यांना जोडणारा तो सर्वांत जवळचा दुवा आहे. त्यास प्रश्न विचारण्यास शिकविणे हे केवळ माध्यमांचे नव्हे, तर अध्यापकांचेही कार्य होय.