उद्योगाची कथा कशी अभ्यासावी?
किर्लोस्करवाडी व लोणी येथील दोन दाखले

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक टापू संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. सौंसर तहसिलीतील मोहगावसारख्या गावी आंबिया बहार हाती येण्याच्या सुमारास एकच प्रश्न निघतो : बाग झाडावरच व्यापाऱ्याला द्यावी, की दहा-वीस बागायतदारांनी एकत्र येऊन माल आपणच बाजारात न्यावा? कायद्याने हा दुसरा मार्ग मोकळा केलेला आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार किमान दहा उत्पादकांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करता येते आणि अशा कंपनीत प्रत्येक सभासदास एकच मत असते. तथापि कंपनी कागदावर उभी करणे वेगळे आणि ती चालविणे वेगळे. चालविण्याची विद्या ज्यांनी पूर्वी उद्योग चालविले त्यांच्या अनुभवातून शिकता येते. मात्र तो अनुभव कसा वाचावा हे ठाऊक असले पाहिजे.

चार प्रश्न

व्यवस्थापनाच्या शिक्षणात प्रत्यक्ष उद्योगांच्या प्रकरणांचा अभ्यास करण्याची पद्धत रूढ आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९०८ साली स्थापन झालेल्या व्यापारशिक्षण शाळेने ती विकसित केली आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेने ती आपल्या देशात रुजविली. या पद्धतीत उद्योजकाचे गुणगान अभिप्रेत नसते. कथेचा शेवट ठाऊक नाही असे मानून वाचकाने अडचणीच्या क्षणी थांबावे आणि चार प्रश्न विचारावेत. त्या वेळी नेमकी अडचण कोणती होती? पुढे कोणते मार्ग मोकळे होते? त्यांपैकी कोणता निवडला आणि त्यासाठी काय सोसले? शेवटी जे फळ मिळाले, त्यात निर्णयाचा वाटा किती व परिस्थितीचा किती?

न विकला गेलेला नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण घेऊ. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. परंतु रंगांधत्वामुळे तो मार्ग बंद झाला. यंत्रांच्या आरेखनात मात्र त्यांची गती होती. १८८८ मध्ये बेळगाव येथे त्यांनी सायकलींचे दुकान काढले; पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन नासते, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

येथे वाचकाने थांबावे. शेतकऱ्यांचे अज्ञान, एवढेच उत्तर पुरेसे नाही. लोखंडी नांगराला रोख पैसा लागतो, ओढण्यास अधिक बैल लागतात, आणि तो मोडला तर गावातील सुताराला दुरुस्त करता येत नाही. ग्राहकाच्या नकारामागे असा हिशेब असतो. जो उद्योजक ग्राहकाला केवळ अडाणी ठरवितो, तो आपला माल सुधारीत नाही.

पुढे १९१० साली बेळगावची जागा सोडणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणराव मूठभर कामगार कुटुंबांसह गेले. तेथे किर्लोस्करवाडी वसली.

माणसे का टिकली?

शहर सोडून अशा माळावर माणसे का राहिली, हा या प्रकरणाचा गाभा होय. केवळ मजुरीने याचे उत्तर मिळत नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता झाले. दरोड्याबद्दल शिक्षा झालेल्या दोघांवर पहाऱ्याचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. माणसाची पूर्वीची पाटी न पाहता त्याच्या हाती जबाबदारीचे काम दिले, की त्याला ते काम आपले वाटू लागते. प्रेरणा म्हणतात ती हीच.

चौथा प्रश्नही विसरता कामा नये. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात परदेशी मालाची आयात मंदावली आणि देशी मालाला बाजार मिळाला. त्याच वेळी कच्च्या मालाची टंचाईही सोसावी लागली. युद्ध लक्ष्मणरावांनी घडविले नव्हते. संधी येईपर्यंत कारखाना आणि माणसे टिकवून धरणे, एवढेच त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी केले. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले. कारखाना थांबला नाही.

लोणीचा दाखला

किर्लोस्करवाडीचा उद्योग एका कुटुंबाचा होता. शेतकऱ्यांच्या सामुदायिक उद्योगासाठी प्रवरा खोऱ्यातील लोणी येथील सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले आणि १९५० साली कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा तो आरंभ होय. परंतु पहिले अध्यक्षपद विखे पाटील यांनी स्वतःकडे घेतले नाही. ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे राहिले. लोक आपल्या शब्दावर पैसे देतात, परंतु हिशेब आणि धोरण यांसाठी जाणकार माणूस हवा, हे ओळखून मागे बसणे हादेखील नेतृत्वाचाच निर्णय आहे.

मोहगावच्या बैठकीत

या दोन्ही कथा यशस्वी झाल्या म्हणूनच त्या सांगितल्या जातात. त्याच काळात बंद पडलेल्या उद्योगांच्या कथा कोणी लिहीत नाही. तेव्हा धाडस केले म्हणजे यश येतेच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. वाचकाने अनुकरण निर्णयाचे करू नये, निर्णयापूर्वी केलेल्या विचाराचे करावे.

संत्रा बागायतदारांची कंपनी काढण्यासाठी मोहगावात बैठक भरली, तर हेच चार प्रश्न तेथे मांडता येतील. माल विकला गेला नाही, तर दोन हंगाम तग धरण्यापुरते भांडवल आहे काय? व्यापाऱ्याला बाग देण्यात शेतकऱ्याला तोडणी, वाहतूक आणि नुकसानीची जी चिंता वाचते, ती कंपनी कशी वाहणार? प्रतवारी, हिशेब व बाजारभाव पाहण्याचे काम नात्यागोत्याच्या माणसाला द्यावयाचे, की ते जाणणाऱ्याला? आणि पहिला अध्यक्ष उद्या नसला, तर चेकबुक, वह्या आणि व्यापाऱ्यांच्या ओळखी दुसऱ्या कोणास ठाऊक असतील?

शाळेतील शिक्षक, ग्रामसेवक आणि बागायतदार यांनी एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. भाव चढता असताना प्रत्येक पुढारी शहाणा दिसतो. ज्या वर्षी गारपीट होईल किंवा बाजार पडेल, त्या वर्षी सर्व सभासदांसमोर तोट्याचा हिशेब जो मोठ्याने वाचून दाखवील आणि तो ऐकूनही सभासद ज्याच्यासोबत राहतील, त्याच्याच हाती कंपनी सोपविण्यात शहाणपण आहे.