आलेखाचं शीर्षक कोणी द्यायचं: तुम्ही की लायब्ररीने?

लोकलच्या गोंगाटात ज्यांना ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. एका छोट्या कामासाठी मी तालुक्यांनुसार पाण्याच्या टँकरचे आकडे घेतले, पांडाजमध्ये 'डॉट प्लॉट' लिहिलं आणि आलेख व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन तासांत तो तीन ग्रुप फिरून माझ्याकडेच परत आला, सोबत प्रश्न: "यंदा एवढे टँकर?" अहो, आकडे गेल्या वर्षीचे होते! नोटबुकमध्ये ते वरच्याच ओळीत लिहिलेलं होतं. पण चित्र बाहेर पडलं आणि ती ओळ मागेच राहिली. चित्रावर शीर्षकच नव्हतं.

चूक माझीच. पण प्रश्न पडला, की लायब्ररीने स्वतःहून शीर्षक का नाही दिलं?

तुम्ही काहीच सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर जे करतं, ते डीफॉल्ट. बरेच जण त्याला हात लावत नाहीत, म्हणून ते ठरवणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते.

पांडाजचंच बघा. साध्या प्लॉटला ते शीर्षक देत नाही. कॉलमची नावं मात्र रंगांच्या सूचीत येतात. 'हिस्ट' म्हटलं की प्रत्येक चौकटीवर त्या कॉलमचं नाव येतं, आणि ते बरोबरच आहे. सहा चौकटी शेजारी-शेजारी असताना कोणती कशाची हे कळणार कसं? पण एखाद्या कॉलमनुसार गट पाडून बॉक्सप्लॉट काढा. वर आपोआप 'बॉक्सप्लॉट ग्रुप्ड बाय अमुक' असा मथळा बसतो. तुम्ही स्वतःचं शीर्षक दिलंत, तर ते चौकटीवरच्या कॉलमच्या नावाची जागा घेतं आणि हा मथळा वर तसाच राहतो. म्हणून लोक मुद्दाम रिकामा मथळा देऊन तो पुसतात. मदत म्हणून दिलेली गोष्ट पुसायचं काम वाढवते, ती अशी.

याच्या उलट एक्सअ‍ॅरे. हवामानाच्या डेटासाठी ही लायब्ररी खूप वापरतात. डेटासोबत राशीचं पूर्ण नाव आणि एकक नोंदवलेलं असेल, तर ती ते अक्षावर किंवा रंगपट्टीवर लिहिते. एकाच दिवसाचा नकाशा काढलात, तर तो दिवस शीर्षकात येतो. माझ्या टँकरच्या आलेखाला नेमकं हेच हवं होतं!

इथे खरी मेख आहे. लायब्ररीला कॉलमचं नाव, एकक, तारीख माहीत असते. तुमचा प्रश्न काय होता, हे तिला माहीत नसतं. म्हणून माझ्या मते चांगल्या डीफॉल्टने तीन गोष्टी पाळाव्यात. जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहावं. 'अमुक विरुद्ध तमुक' असं अक्षांवर आधीच असलेलं पुन्हा लिहू नये. आणि वापरणाऱ्याने स्वतःचं शीर्षक दिलं, की गुपचूप बाजूला व्हावं.

शीर्षक म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते? मग रंगांचं ऐका. मॅटप्लॉटलिबमध्ये वर्षानुवर्षं 'जेट' नावाची इंद्रधनुष्यासारखी रंगपट्टी डीफॉल्ट होती. तिच्यात पिवळा आणि आकाशी हे पट्टे इतके उजळ, की डेटात नसलेल्या कडा दिसायला लागतात. 2011 साली हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांवर प्रयोग केला. इंद्रधनुषी रंग बदलल्यावर वैद्यकीय विद्यार्थ्यांना धोक्याच्या जागा अधिक अचूक ओळखता आल्या. शेवटी 2017 मध्ये मॅटप्लॉटलिब 2.0 आलं आणि 'विरिडिस' डीफॉल्ट झालं. त्यात उजळपणा एकसारखा वाढत जातो, त्यामुळे कृष्णधवल प्रिंटमध्येही क्रम कळतो.

मग इतकी वर्षं का लागली? कारण डीफॉल्ट बदललं, की जुना कोड चालवणाऱ्या प्रत्येकाची चित्रं बदलतात. म्हणून त्याच आवृत्तीत 'क्लासिक' स्टाइलही ठेवली. ज्याला जुनं रूप हवं, त्याने एक ओळ लिहावी.

आता आपल्या घरचं. मॅटप्लॉटलिबचा डीफॉल्ट फॉन्ट आहे डेजाव्हू सॅन्स. त्यात देवनागरी नाही. मराठी शीर्षक दिलंत, की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन! देवनागरी फॉन्ट निवडला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर आहेत ना, हे एकदा तपासा. अक्षरं जुळवण्याचं काम नुसत्या फॉन्टने होत नाही. डीफॉल्ट ठरवताना कोणाची भाषा समोर होती, ते अशा वेळी कळतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमचा शेवटचा आलेख उघडा आणि बाकी सगळं झाकून फक्त चित्र बघा. काय मोजलंय, कुठलं, कधीचं आणि कोणत्या एककात, एवढं कळतंय का? नसेल, तर शीर्षकाची एक ओळ लिहा. मी टँकरच्या आलेखावर वर्ष टाकून तो पुन्हा पाठवला. पण खरं सांगू? पहिलाच अजून फिरतोय.

भेटू पुढच्या भागात!