हत्यारांचें घर

सुताराच्या रंध्यास आणि शिपायाच्या तलवारीस आपल्या भाषेंत एकच नांव आहे, तें म्हणजे हत्यार. जें लांकूड कापतें तें बोटही कापतें, हें ज्यांनीं हा शब्द दोहोंकडे योजिला त्यांस ठाऊक असलें पाहिजे. म्हणूनच तलवारीस म्यान असे व पटाशीस पेटी असे. हल्लीं पुष्कळ घरांत विजेवर चालणारीं हत्यारें आलीं आहेत. तीं विकत आणण्याची हौस सर्वांस असते. परंतु त्यांस म्यान करण्याची आठवण फार थोड्यांस राहते. आम्हांसही ती राहिली नव्हती. ती आम्हांस कशी झाली, आणि मग आम्हीं घरच्याघरीं त्यांच्याकरितां कपाट कसें केलें, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे वडील बंधु घरामागील पडवींत ग्राइंडरनें लोखंडी गज कापीत होते. मध्येंच वीज गेली. यंत्र थांबलें, त्यांनीं तें जमिनीवर ठेविलें व ते चहास आंत आले. या जातीच्या यंत्राची कळ एकदां पुढें सरकविली कीं तशीच अडकून राहते. ती मागें घेण्याचें भान त्यांस राहिलें नाहीं, आणि प्लगही भिंतींतच राहिला. अर्ध्या तासानें वीज परत आली. त्याबरोबर तें मोकळें यंत्र आपोआप सुरू झालें, फरशीवर घरघरत फिरूं लागलें, आणि शेजारच्या स्टुलाच्या पायास अर्धा इंच खोल खांच पाडून तेथेंच अडकलें. आमची चार वर्षांची पुतणी क्षणापूर्वीं त्याच स्टुलावर बसली होती. आजीनें हाक मारली म्हणून ती उठून गेली होती. त्या रात्रीं कोणीं कोणास दोष दिला नाहीं; पण कोणास जेवणही गोड लागलें नाहीं.

वीज परत आल्यावर आपोआप सुरू होऊं नये, अशी योजना कांहीं नव्या यंत्रांत असते. परंतु ती सर्वांत नसते. शिवाय विचार करतां आमच्या ध्यानांत एक निराळीच गोष्ट आली. त्या ग्राइंडरला ठेवावयास घरांत जागाच नव्हती. ज्या वस्तूस जागा नाहीं, ती काम जेथें थांबलें तेथेंच पडून राहते. कपाट असतें, तर हत्यार त्यांत ठेवण्यासाठीं प्रथम प्लग काढावा लागला असता. कपाट हें केवळ नीटनेटकेपणाचें साधन नसून तो लांकडांत घडविलेला एक नियम आहे, असें आम्हांस तेव्हां वाटलें. आणि तो नियम मोडतांच येऊं नये अशा रीतीनें कपाट बांधावयाचें आम्हीं ठरविलें.

प्रथम हत्यारांचा आकार समजून घेतला पाहिजे. हातांत धरून चालवावयाचें विजेचें ड्रिल जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत इ. स. १८९५ मध्यें तयार झालें. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक व डेकर या दोघां भागीदारांस, पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा चाप असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें. तोच आकार अद्यापि चालू आहे. चाप ही मोठी सोय खरी. पण तो लहान मुलाच्या बोटानेंही दाबला जातो, हें विसरतां कामा नये. असें हत्यार फळीवर आडवें ठेविलें तर तें लवंडतें व पुष्कळ जागा अडवितें. तें मुठीनें टांगून ठेवणें सर्वांत उत्तम.

आतां बांधणीकडे वळूं. आधीं सर्व हत्यारें जमिनीवर ओळीनें मांडावीं आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी व उंची वहींत लिहून घ्यावी. आमच्याकडे ड्रिल, ग्राइंडर, गोल पात्याची करवत, जिगसॉ व घासण्याचें यंत्र अशीं पांच तारेचीं हत्यारें आणि बॅटरीवर चालणारें एक लहान ड्रिल होतें. त्यांच्या मापांवरून आम्हीं कपाटाची उंची ३६ इंच, रुंदी २७ इंच व खोली ११ इंच ठरविली. ८ फूट लांब, ४ फूट रुंद व १८ मिलिमीटर जाड असा प्लायवुडचा एक तक्ता या कामास पुरतो. त्याच्या लांबीच्या दिशेनें ११ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या व साडेतेरा इंच रुंदीची एक पट्टी काढावी. अरुंद पट्ट्यांतून ३६ इंचांच्या दोन बाजू, आणि वरचा तक्ता, तळ व दोन फळ्या मिळून साडेपंचवीस इंचांचे चार तुकडे निघतात. रुंद पट्टींतून दोन दारें होतात. पाठीकरितां मात्र १२ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड निराळें घ्यावें. मोठे तक्ते कापण्याचें काम जाणत्या मनुष्यानेंच करावें. मुलांनीं आंखणी करावी, कडा कांचपेपरनें घासाव्या व स्क्रू आवळावे. त्यांतही शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

सांध्यांस पांढरा सरस लावून दीड इंची स्क्रू बसवावे; परंतु आधीं बारीक छिद्र पाडल्यावांचून स्क्रू घालूं नये, नाहीं तर प्लायवुडची कड फुटते. चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं, हें लहान गुण्यानें नीट कळत नाहीं. येथें भूमितीच्या तासाचा उपयोग होतो. २७ व ३६ या बाजूंचा कर्ण बरोबर ४५ इंच येतो, कारण ३, ४ व ५ यांस ९ नें गुणिलें असतां हेच आंकडे मिळतात. सरस ओला असतांनाच दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरेपर्यंत चौकट हलकेच दाबावी, आणि मगच पाठ बसवावी.

वरच्या फळीस पुढल्या कडेपासून आंत तीन खांचा पाडाव्या. खांचेची रुंदी हत्याराच्या मुठीहून पाव इंच अधिक, परंतु त्याच्या अंगाहून कमी असावी, म्हणजे अंग फळीवर टेकतें व मूठ खालीं लोंबते. खांच पुढून उघडीच ठेवावी. कारण बॅटरीच्या ड्रिलचा तळ मुठीहून रुंद असतो, व तें वरून आंत जात नाहीं, पुढूनच सरकवावें लागतें. ड्रिल ठेवण्यापूर्वीं त्याचें टोक काढून डबींत टाकावें. गोल पात्याची करवत वजनानें जड, म्हणून तिची जागा तळाशीं; ती ठेवतांना कापाची खोली शून्यावर आणावी, म्हणजे पातें खालीं डोकावत नाहीं. ग्राइंडरच्या चकत्या कोरड्या जागीं सपाट ठेवाव्या, त्यांवर जड वस्तु ठेवूं नये. पडलेली किंवा तडा गेलेली चकती पुन्हां वापरूं नये. पुष्कळ चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, तीही पाहत जावी.

आतां मुख्य गोष्ट सांगावयाची. कित्येकजण कपाटास मागून भोंक पाडून वीज आंत घेतात. आम्हीं तसें केलें नाहीं. तार जाईल एवढी फटही कोठें ठेविली नाहीं. त्यामुळें प्लग भिंतींत असेल तर दार मुळीं लागतच नाहीं. पाठीवर आंतून पांच लांकडी खुंट्या बसवून प्रत्येकीखालीं हत्याराचें नांव लिहिलें. तारेचे सैल वेढे करून प्लग आपापल्या खुंटीवर टांगावयाचा. तार हत्याराभोंवतीं आवळून गुंडाळूं नये. तशानें ती मुठीपाशीं मोडते आणि आंतील तांब्याचे तंतु तुटतात. दारांस कडी व कुलूप लाविलें. किल्ली मोठ्यांच्याच हातीं राहते.

भरलेलें कपाट चाळीस-पन्नास किलोंचें होतें. तें टांगण्याची एक सोपी युक्ति आहे. उरलेल्या प्लायवुडची २५ इंच लांब व ६ इंच रुंद पट्टी मधोमध ४५ अंशांच्या तिरप्या कापानें दुभागावी. एक अर्धी भिंतीस अशी लावावी कीं, तिरपी कड वर येऊन तिचा उतार भिंतीकडे राहील. दुसरी उलटी करून कपाटाच्या पाठीस लावावी, व तिचे स्क्रू पाठींतून वरच्या तक्त्याच्या कडेंत शिरूं द्यावे. मग कपाट उचलून एकीवर दुसरी अडकविली कीं वजनानेंच पकड घट्ट होते. पाठीच्या खालच्या टोकासही तितक्याच जाडीची पट्टी लावावी, म्हणजे कपाट ओळंब्यांत राहतें. आमच्या कोंकणांत भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र व ठिसूळ, म्हणून लांब प्लग व लांब स्क्रू घ्यावे, आणि ते नुसत्या गिलाव्यांत न राहतां चिऱ्यांत खोल गेले पाहिजेत. विजेच्या बटणांच्या सरळ वर वा खालीं भिंतींत छिद्र पाडूं नये. तेथून तारा गेलेल्या असतात.

पट्टीमुळें भिंत व कपाट यांत पाऊण इंच मोकळी जागा राहते; ती पावसाळ्यांत फार उपयोगीं पडते, कारण ओल सरळ पाठीस लागत नाहीं. हवेंतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली कीं लोखंडावर गंज लवकर चढतो, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे ती त्याहून पुष्कळच अधिक असते. म्हणून उघड्या पोलादी भागांवरून तेलाचा हात फिरवावा, आणि सिलिका जेलच्या पुड्या आंत ठेवून मधून मधून बदलाव्या. बॅटऱ्या मात्र या कपाटांत भरावयास लावूं नयेत. त्या उघड्यावर, कोणी जागें असतांनाच भराव्या. पुष्कळ दिवस ठेवावयाच्या झाल्यास अर्ध्या भरलेल्या ठेवाव्या. आणि त्यांच्या टोकांस खिळे-स्क्रू लागणार नाहींत अशी काळजी घ्यावी, नाहीं तर वीज एकदम वाहून आग लागण्याचें भय असतें.

खंडेनवमीस कारागीर आपलीं हत्यारें पुसून ओळीनें मांडतो, तें दृश्य सर्वांनीं पाहिलें असेल. कपाट झाल्यापासून आमच्या पडवींत तें रोज संध्याकाळीं दिसतें. काम अपुरें असो वा पुरें, वीज असो वा नसो, हत्यारें आंत गेल्यावांचून कोणी चहास उठत नाहीं. तें स्टूल आम्हीं दुरुस्त केलें नाहीं. पायावरच्या खांचेसह तें कपाटाखालीं उभें आहे. पुतणी आतां सात वर्षांची झाली आहे. दार लावण्यापूर्वीं खुंट्यांवरचे प्लग मोजण्याचें काम तिनें आपण होऊन घेतलें आहे. पांच भरले नाहींत तर ती बंधूंस कुलूप लावूं देत नाहीं.

ज्या विद्यार्थिमित्रांच्या घरीं अशीं हत्यारें कोपऱ्यांत किंवा खाटेखालीं पडलेलीं असतील, त्यांनीं येत्या सुटींत वडिलांजवळ बसून एक कपाट अवश्य करावें. मापें आमचींच घेतलीं पाहिजेत असें नाहीं. मात्र तारेकरितां भोंक ठेवूं नये, एवढी एक गोष्ट त्यांनीं आमची ऐकावी.